घरची भिंत, कंबरेला बळ

भिंतीला टेकून बसलेल्या माणसाला आपण आळशी म्हणतो. पण हीच भिंत नीट वापरली तर कंबर आणि पाय बळकट करणारे ते एक चांगले साधन आहे, आणि त्यासाठी एक पैसाही खर्च करावा लागत नाही. आजच्या लेखात भिंतीच्या आधाराने करावयाच्या आठ व्यायामांची माहिती देत आहे.

हा विषय निवडण्याचे कारण म्हणजे वाचकांची पत्रे. गेल्या काही आठवड्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांत कंबरदुखीची पत्रे सर्वांत जास्त आहेत. लिहिणाऱ्यांत शिक्षक आहेत, एस.टी.चे चालक आहेत, शिलाई मशीनवर तासन्‌तास बसणाऱ्या भगिनी आहेत, वाकून खुरपणी करणाऱ्या शेतकरी बायका आहेत. प्रश्न मात्र बहुतेकांचे सारखेच. कोणता पट्टा घ्यावा? कोणते तेल चोळावे? मणक्यात गॅप निघाली आहे, आता ऑपरेशनच करावे लागेल का?

यांत एका आजींचे पत्र वेगळे होते. त्यांनी औषध विचारलेले नाही. त्या लिहितात की, आता त्या कोणाकडे मुक्कामाला जात नाहीत, कारण त्या घरी देशी संडास असला तर बसल्यावर उठता येईल याची खात्री वाटत नाही. नातीच्या बारशालाही त्या याच कारणाने गेल्या नाहीत. घरच्यांना मात्र ‘प्रवास झेपत नाही’ असे सांगितले. मी फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करतो आणि अशी माणसे मला रोज भेटतात. दुखणे सहन होते, पण दुसऱ्याच्या हाताशिवाय उठता येत नाही ही गोष्ट मनाला लागते. मांड्या आणि कंबर यांची ताकद हा म्हणूनच केवळ दुखण्याचा प्रश्न नाही. आपले आपण उठता-बसता येण्याचा प्रश्न आहे.

कंबर एकटी नसते

आपल्या पाठीच्या कण्यात एकूण ३३ मणके असतात. त्यांपैकी वरचे २४ एकमेकांवर हलू शकतात, खालचे एकमेकांना जुळलेले असतात. कंबरेच्या भागात पाच मोठे मणके येतात आणि शरीराच्या वरच्या भागाचा सारा भार त्यांच्यावर पडतो. दोन मणक्यांच्या मध्ये चकती असते. ती गादीसारखे काम करते.

आता मडक्यांची उतरंड डोळ्यांपुढे आणा. ती उभी असते, पण जरा धक्का लागला की कोसळते. कणाही नुसत्या हाडांवर उभा राहू शकत नाही. पाठीचे लांब स्नायू, मणक्या-मणक्यांना जोडणारे आतले छोटे स्नायू, पोटाचे स्नायू आणि कुल्ल्यांचे स्नायू त्याला चारी बाजूंनी धरून ठेवतात, जसे तंबूच्या खांबाला दोर. हे दोर सैल पडले की साधे वाकतानाही चमक भरते.

पायांचा कंबरेशी काय संबंध, असे पुष्कळजण विचारतात. खाली ठेवलेली पाण्याची कळशी उचलून पाहा. मांड्यांत बळ असेल तर आपण गुडघे वाकवून खाली जातो आणि पायांच्या जोरावर वर येतो. मांड्या कमजोर असतील तर गुडघे न वाकवता कंबरेतून वाकतो. म्हणजे पायांनी करायचे काम कंबरेवर पडते. मांडीच्या पुढच्या बाजूला चार भागांचा एक मोठा स्नायू असतो; गुडघा सरळ करणे हे त्याचे काम. कुल्ल्याचा स्नायू हा तर शरीरातला सर्वांत मोठा. हे दोन्ही मजबूत असले की कंबरेचे ओझे हलके होते आणि गुडघ्यांनाही आधार मिळतो.

तिशीनंतर प्रत्येक दहा वर्षांत स्नायूंचे वजन साधारण तीन ते आठ टक्क्यांनी कमी होते आणि साठीनंतर हा वेग वाढतो. शरीराचा हा स्वभाव आहे. परंतु बसून राहिल्याने झीज लवकर होते व व्यायामाने ती बरीच रोखता येते, एवढे आपल्या हातात आहे.

‘मणक्यात गॅप’ आली म्हणजे काय?

ही आपल्याकडची नेहमीची भाषा. क्ष-किरण किंवा एम.आर.आय. तपासणीत चकती झिजलेली किंवा किंचित बाहेर आलेली दिसली की माणूस घाबरतो, वाकणे सोडतो, हळूहळू चालणेही कमी करतो. २०१५ साली एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. कंबर अजिबात दुखत नसलेल्या ३,११० माणसांच्या तपासण्या त्यात एकत्र पाहिल्या होत्या. विशीतल्या ३७ टक्के लोकांत आणि ऐंशीच्या घरातल्या ९६ टक्के लोकांत चकतीची झीज आढळली. पुन्हा सांगतो, यांपैकी कोणाचीही कंबर दुखत नव्हती.

याचा अर्थ तपासणी खोटी असा नव्हे. पण केस पांढरे व्हावेत तशी चकतीची झीज वयाबरोबर बहुतेकांना होतेच. फिल्ममध्ये गॅप दिसली म्हणून पाठ कायमची निकामी झाली असे समजू नये.

निजून राहावे की हालचाल करावी?

कंबर धरली की पंधरा दिवस फळीवर निजून राहायचे, हा सल्ला आपल्या वडीलधाऱ्यांनी ऐकलेला आहे. १९८६ साली अमेरिकेत २०३ रुग्णांवर याची परीक्षा झाली. काहींना दोन दिवसांची आणि काहींना सात दिवसांची विश्रांती सांगितली. दोन दिवसवाल्यांचे कामाचे ४५ टक्के कमी दिवस बुडाले आणि बाकी बरे होण्यात दोन्ही गटांत फरक दिसला नाही. त्यानंतरच्या काळात जगभर हाच विचार रुजला की, तीव्र दुखण्याचे एक-दोन दिवस सोडले तर हळूहळू हालचाल सुरू ठेवावी.

जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. २०२० साली जगात सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती, असे संघटना सांगते. या सूचनांत व्यायामाची शिफारस आहे. उलट कंबरेचे पट्टे आणि वजने लावून कंबर ताणणे यांचा सरसकट वापर करू नये, असे म्हटले आहे. पट्ट्याबद्दल विचारणाऱ्या वाचकांना त्यांचे उत्तर यात मिळेल. बाहेरून बांधलेला पट्टा रात्री काढून ठेवावा लागतो. स्नायूंचा पट्टा मात्र कायम अंगावर असतो.

भिंतच का?

आपल्याकडे तालमीत जोर-बैठकांची थोर परंपरा आहे. परंतु पन्नाशीच्या माणसाला एकदम पूर्ण बैठक मारायला सांगितले तर गुडघे ऐकत नाहीत, तोलही जातो. भिंत या दोन्ही अडचणी दूर करते. पाठ टेकलेली असल्याने मागे पडण्याची भीती नाही. शिवाय भार किती घ्यायचा हे आपल्या हातात राहते. थोडे खाली घसरले तर थोडा भार, जास्त घसरले तर जास्त. भिंतीवरच्या जोरांतही तसेच. पाय भिंतीजवळ असले तर सोपे, लांब नेले तर अवघड.

आधाराने व्यायाम करणे यात कमीपणा मुळीच नाही. बी. के. एस. अय्यंगार हे योगविद्येतले जगप्रसिद्ध नाव. पुण्यात १९७५ साली सुरू झालेल्या त्यांच्या रमामणी अय्यंगार स्मृती योग संस्थेत भिंत, दोर, खुर्ची आणि लाकडी ठोकळे यांच्या मदतीने आसने शिकवली जाऊ लागली आणि ती पद्धत देशोदेशी गेली.

आधी हे वाचा

पुढील लक्षणे असल्यास व्यायाम सुरू न करता प्रथम डॉक्टरांना दाखवावे.

• पडल्यावर किंवा अपघातानंतर सुरू झालेली कंबरदुखी.
• कंबरदुखीबरोबर संध्याकाळी येणारा ताप, वजन घटणे, रात्री झोपेतून उठवणारे दुखणे. मणक्याचा क्षय आपल्या देशात अजूनही आढळतो आणि तो वेळेवर ओळखला तर औषधांनी बरा होतो.
• लघवी किंवा शौचावरचा ताबा जाणे, लघवी तुंबणे, बसण्याच्या जागी बधिरपणा. हे झाल्यास त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जावे.
• पायातली शक्ती कमी होत जाणे, चालताना पाऊल लोंबणे, चप्पल पायातून निसटणे.
• पूर्वी कर्करोग झालेला असणे, किंवा स्टेरॉइडच्या गोळ्या दीर्घकाळ घेतलेल्या असणे.

हृदयविकार, आटोक्यात नसलेला रक्तदाब, नुकतेच झालेले ऑपरेशन आणि गरोदरपण यांतही आपल्या डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी.

जागा निवडताना भिंत पक्की हवी. पत्र्याची भिंत, लोखंडी कपाट किंवा पार्टिशन चालणार नाही. फरशी कोरडी असावी. ओल्या किंवा तेलकट फरशीवर पाय सटकतो. मोजे घालू नयेत; अनवाणी उभे राहावे. भगिनींनी साडीचा घोळ पायात येणार नाही असा वर खोचून घ्यावा. सलवार असल्यास अधिक सोयीचे. म्हाताऱ्या माणसांनी सुरुवातीला घरातल्या कोणाला तरी जवळ उभे करावे. जेवणानंतर दोन तास जाऊ द्यावेत.

आता व्यायाम

१. ताठ उभे राहणे. भिंतीकडे पाठ करून, टाचा भिंतीपासून दोन-तीन बोटे पुढे ठेवून उभे राहा. कुल्ले, पाठीचा वरचा भाग आणि डोके भिंतीला टेकवा. हनुवटी वर करू नका. कंबरेमागे साधारण तळहात जाईल एवढी पोकळी राहते. आता बेंबी हलकेच आत ओढा आणि पोकळी किंचित कमी करा. श्वास चालू ठेवून दहा श्वास तसेच राहा. ज्यांना पोक आहे त्यांचे डोके भिंतीला टेकणार नाही. त्यांनी जोर लावू नये, मागे घडी केलेला टॉवेल ठेवावा. नीट उभे राहणे म्हणजे काय, याची ओळख शरीराला या व्यायामाने होते.

२. भिंतीवरून घसरणे. पाठ भिंतीला टेकवून पाऊले भिंतीपासून दीड ते दोन फूट पुढे घ्या. दोन पावलांत खांद्याएवढे अंतर ठेवा. पाठ भिंतीवरून सरकवत हळूहळू थोडेसे खाली या. उंच स्टुलावर टेकावे तेवढेच. पाच अंक मोजा आणि टाचांवर भार देत वर या. आठ ते दहा वेळा करा. गुडघे आत वळू देऊ नका. ते पायाच्या बोटांच्या दिशेनेच राहिले पाहिजेत. गुडघे बोटांच्या पुढे जात असतील तर पाऊले आणखी पुढे घ्या.

३. भिंतखुर्ची. दुसरा व्यायाम दोन आठवडे झेपल्यावरच हा घ्यावा. खाली घसरून, जणू खुर्चीवर बसलो आहोत अशा स्थितीत थांबायचे. मांड्या जमिनीला समांतर यायलाच हव्यात असे नाही आणि त्याहून खाली तर कधीच जाऊ नये. हात मांड्यांवर दाबू नका, मोकळे सोडा. प्रथम दहा सेकंद, मग वीस, मग तीस. मध्ये मिनिटभर विश्रांती घेऊन तीन वेळा. मांड्या थरथरतील, ते स्वाभाविक आहे. मात्र श्वास कोंडू नये. यावर सोपा उपाय म्हणजे मोठ्याने अंक मोजणे. बोलता येत असेल तर श्वास चालू आहे असे समजावे.

४. टाचा उचलणे. भिंतीकडे तोंड करून हातभर अंतरावर उभे राहा. तळहात भिंतीवर टेकवा. दोन अंकांत टाचा वर, तीन अंकांत खाली. दहा ते पंधरा वेळा. पोटऱ्या मजबूत झाल्या की चढण चढताना आणि बसची पायरी चढताना फरक कळतो.

५. पाय मागे नेणे. तसेच उभे राहून एक पाय गुडघ्यात न वाकवता सावकाश मागे न्या. वीतभर मागे गेला तरी पुरे. दोन अंक थांबा, परत आणा. प्रत्येक पायाने दहा वेळा. कंबर मागे वाकवून पाय उंच करण्याचा मोह होतो, तो टाळा. ताण कुल्ल्यात जाणवला पाहिजे, कंबरेत नव्हे.

६. भिंतीवरचे जोर. भिंतीपासून हातभर अंतरावर उभे राहून तळहात छातीच्या उंचीवर टेकवा. कोपर वाकवत छाती भिंतीजवळ न्या आणि ढकलून मागे या. डोक्यापासून टाचेपर्यंत शरीर काठीसारखे सरळ ठेवा. आठ ते दहा वेळा. हा हातांचा व्यायाम वाटतो. परंतु शरीर सरळ धरून ठेवण्यासाठी पोट आणि पाठ यांना सतत काम करावे लागते.

७. पाय भिंतीवर ठेवून कंबर उचलणे. ज्यांना जमिनीवर बसता-उठता येते त्यांनीच करावा. चटईवर उताणे निजून पाऊले भिंतीवर टेकवा. गुडघे आणि जांघा दोन्ही काटकोनात असाव्यात. पावलांनी भिंत दाबत कुल्ले जमिनीपासून वीतभर उचला, तीन अंक थांबा, हळू खाली या. आठ वेळा. उठताना आधी कुशीवर वळावे आणि मग हातावर जोर देऊन उठावे.

८. एका पायावर तोल. भिंतीशेजारी कडेने उभे राहून एका हाताचे बोट भिंतीला लावा. एक पाय जरा उचला. दहा सेकंद. मग दुसरा पाय. सवय झाली की बोट भिंतीपासून किंचित दूर ठेवा, पण भिंत हाताशीच असू द्या. उतारवयात खुब्याचे हाड मोडते ते बहुधा घरातच पडून. म्हणून हा व्यायाम टाळू नये.

शेवटी पोटऱ्या ताणून घ्याव्यात. भिंतीला हात लावून एक पाय मागे, टाच जमिनीला, गुडघा सरळ आणि वीस ते तीस सेकंद थांबणे. झटके देऊ नयेत.

किती दिवस, किती वेळा?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारे व्यायाम करावेत. ६५ वर्षांवरील व्यक्तींनी तोल आणि ताकद यांचे व्यायाम आठवड्यातून तीन किंवा अधिक दिवस करावेत. आपण सोयीसाठी सोमवार, बुधवार, शुक्रवार असे एक दिवसाआडचे तीन वार धरू. मधल्या दिवशी स्नायूंना विश्रांती मिळते. त्या दिवशी चालायला जावे.

पहिले दोन आठवडे: पहिला, दुसरा, चौथा आणि आठवा व्यायाम, प्रत्येकी एक फेरी. वेळ दहा मिनिटे.

तिसरा व चौथा आठवडा: यांत पाचवा आणि सहावा घालावा. दुसऱ्या व चौथ्या व्यायामाच्या दोन फेऱ्या कराव्यात.

पाचव्या आठवड्यापासून: भिंतखुर्ची आणि झेपत असल्यास सातवा व्यायाम. एकूण वीस-पंचवीस मिनिटे.

पहिल्या एक-दोन आठवड्यांत मांड्या अंबतात, जिना उतरताना जाणवते. हे दुखणे एक-दोन दिवसांत जाते आणि त्याला घाबरू नये. परंतु गुडघ्यात टोचल्यासारखे झाले, गुडघा सुजला, कंबरेतून पायात कळ उतरू लागली, छातीत दुखले किंवा चक्कर आली तर लगेच थांबून डॉक्टरांना भेटावे. सुरुवातीला जी ताकद वाढल्यासारखी वाटते ती स्नायू जाड झाल्यामुळे नसते. मेंदूकडून स्नायूंना जाणारे हुकूम सुधारतात म्हणून असते. स्नायू खरोखर भरायला दीड-दोन महिने लागतात. म्हणून पंधरा दिवसांत निकाल लावून व्यायाम सोडू नका.

रक्तदाबाच्या रुग्णांसाठी

भिंतखुर्चीसारखा, एका स्थितीत न हलता ताण धरून ठेवण्याचा व्यायाम रक्तदाबाला उपयोगी पडतो, असे अलीकडे दिसून आले आहे. २०२३ साली इंग्लंडमधील संशोधकांनी २७० चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र केले. त्यांत १५,८२७ व्यक्ती होत्या. सर्व प्रकारच्या व्यायामांत या स्थिर व्यायामाने रक्तदाब सर्वांत जास्त उतरला. वरचा आकडा सरासरी सुमारे ८ ने आणि खालचा ४ ने. अशा चाचण्यांत दोन-दोन मिनिटांच्या चार फेऱ्या, मध्ये काही मिनिटांची विश्रांती, आठवड्यातून तीन दिवस असा क्रम नेहमी असतो.

परंतु दोन गोष्टी ध्यानात ठेवा. प्रत्यक्ष व्यायाम चालू असताना रक्तदाब वाढतो. तो उतरतो काही आठवड्यांच्या सरावानंतर. म्हणून ज्यांचा रक्तदाब आटोक्यात नाही त्यांनी डॉक्टरांच्या संमतीशिवाय भिंतखुर्ची करू नये. आणि व्यायाम सुरू केला म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करू नये.

आपली ताकद आपणच मोजा

साठीच्या पुढच्या वाचकांसाठी एक सोपी परीक्षा आहे. साधारण सतरा इंच उंचीची, हात नसलेली खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. हातांची घडी छातीवर घालून बसा. तीस सेकंदांत किती वेळा पूर्ण उभे राहून पुन्हा बसता येते ते दुसऱ्याने घड्याळ लावून मोजावे. साठ ते चौसष्ट वयाच्या पुरुषाला १४ पेक्षा आणि स्त्रीला १२ पेक्षा कमी वेळा जमले तर पायांची ताकद वयाच्या मानाने कमी समजतात. सत्तर ते चौऱ्याहत्तर वयात हेच आकडे १२ आणि १० असे आहेत. आज मोजून आकडा कॅलेंडरवर लिहून ठेवा. आठ आठवड्यांनी पुन्हा मोजा.

‘आता या वयात काय होणार?’ असे म्हणणाऱ्यांसाठी एक उदाहरण देतो. १९९० साली अमेरिकेतील एका वृद्धाश्रमात सुमारे नव्वद वर्षांच्या दहा अशक्त वृद्धांना आठ आठवडे पायांचे, वजनाचे व्यायाम देण्यात आले. ज्या नऊ जणांनी ते पूर्ण केले त्यांची पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. ते व्यायाम देखरेखीखाली आणि यंत्रावर झाले होते, भिंतीवर नव्हे. पण नव्वदीतला स्नायूही काम दिले की जागा होतो, हे त्यातून सिद्ध झाले.

वाचकांच्या काही शंका

‘गुडघ्यातले वंगण संपले आहे, मी करू का?’ गुडघ्याची झीज असणाऱ्यांना मांडीचे स्नायू बळकट करण्याचा फायदाच होतो. मात्र फार खाली घसरू नये. गुडघा न दुखेल तेवढेच खाली जावे. चार बोटे घसरलात तरी चालेल.

‘दिवसभर शेतात राबतो, मग व्यायाम कशाला?’ कष्टाच्या कामात तेच तेच स्नायू एकाच पद्धतीने वापरले जातात. दिवसभर वाकून काम करणाऱ्याची कंबर थकते, पण मांड्या आणि कुल्ले बळकट होतातच असे नाही. अशांनी कामाच्या मध्ये दर तासाने ताठ उभे राहून घ्यावे आणि संध्याकाळी किमान पहिला, दुसरा व पाचवा व्यायाम करावा.

‘व्यायामाबरोबर काय खावे?’ स्नायू प्रथिनांवर पोसतो. वरण पातळ न करता घट्ट करावे. मोड आलेली कडधान्ये, शेंगदाणे, दूध, दही, चालत असल्यास अंडी आणि मासे रोजच्या जेवणात असावेत. म्हातारपणी चहा-चपातीवर भागवण्याची सवय पुष्कळ घरांत असते. ती मोडली पाहिजे. मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी मात्र आहार डॉक्टरांना विचारून ठरवावा.

बारसे चुकवलेल्या आजींना माझे सांगणे इतकेच की, त्यांनी दुसऱ्या आणि आठव्या व्यायामापासून आरंभ करावा, सुनेला किंवा नातवाला शेजारी उभे करावे आणि दर आठवड्याला भिंतीवर पेन्सिलीने खूण करावी की आज पाठ कुठवर खाली घसरली. चारही बोटांनी खूण खाली सरकली तरी ती प्रगतीच होय. बाकी वाचकांनीही येत्या सोमवारीच सुरुवात करावी. आठ आठवड्यांनी आपला खुर्चीचा आकडा सदराच्या पत्त्यावर जरूर कळवावा.